दोराची मधली खूण

"अरे रोहन, कडा असा घसरगुंडीसारखा असतो व्हय? उभा कर त्याला!" ऋतिका ओरडली.

"उभा केला की पडतोय!" कोपरापर्यंत चिखलात बुडालेला रोहन म्हणाला. "तूच ये आन् धरून बस!"

"आन् पायथ्याचं गाव कुठं गेलं? गावाशिवाय फेरी पुरी कशी व्हायची?"

"गावावर मी बसलोय," असं म्हणत रविराज उठला. त्याच्या चड्डीला अख्खं गाव चिकटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मांडवगण फराट्यात दारोदारी किल्ले झाले होते. रविराजच्या अंगणात मात्र किल्ला नव्हता, डोंगर होता. जुन्नरच्या पलीकडचा घारकडा! शाळेच्या खेळाच्या शिक्षिका नीलम मॅडम उद्या पहाटे या चौघांना तिथे नेणार होत्या. चौघं म्हणजे ऋतिका, रोहन, रविराज आणि शितल, सगळे आठवीतले. मॅडम हिमालयात जाऊन गिर्यारोहण शिकून आल्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "वाट मी सांगणार नाही. फोटो बघा, नकाशा बघा, जाऊन आलेल्यांना विचारा आणि बेत तुम्ही आखा. पटला तर नेईन." म्हणून सुट्टी लागल्यापासून हा मातीचा डोंगर मोडत होता आणि पुन्हा उभा राहत होता.

वाट होतीच तशी अवघड. पायथ्याच्या गावातून निघायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेतून वर चढायचं, मग डोंगराच्या धारेवरून चालायचं. पुढे आडवी कपार. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला काहीच नाही, मध्ये पाऊल मावेल एवढी जागा. कपार संपली की सरळ तुटलेला कडा. तो दोरावरून उतरायचा आणि जंगलातून वळसा घालून परत त्याच गावात यायचं. खाली उतरून दोर ओढून घेतला, की आल्या वाटेने माघारी फिरायची सोय नाही.

"कपार दुपारच्या आत ओलांडायची," शितल म्हणाली. सगळ्या वाटेवर तिने सुतळी अंथरली होती. "दुपारी तिथं ऊन येतंय. खडक तापला की हात ठेववत न्हाई."

"थोडं तापल्यानं काय होत न्हाई," रोहन म्हणाला, आणि त्याने लगेच जीभ चावली.

"सुरुवातीपासून!" तिघं एकदम किंचाळले.

हा मॅडमचा नियम होता. 'काय होत न्हाई' असं जो म्हणेल त्याने सगळा बेत पायथ्यापासून पुन्हा सांगायचा. मॅडम म्हणायच्या, डोंगरावर माणूस पडतो ना, त्याच्या आधी कुणीतरी हेच वाक्य म्हटलेलं असतं.

रोहनने कुरकुरत गावापासून सुरुवात केली. नाळ, धार, कपार करत तो कड्यापाशी आला. "इथं कडीतून दोर ओवायचा, दोन्ही पदर धरून उतरायचं. पयल्या मॅडम उतरणार, मग आपण."

"पण दोर पुरंल का?" शितलने विचारलं.

"मॅडम म्हणल्यात की, पुरंल."

"मोजून बघू. घरातच तर हाय!"

शाळेची खोली गळत होती, म्हणून मॅडमनी दोर तपासून, नीट गुंडाळून रविराजच्या आजोबांकडे कुलपात ठेवायला दिला होता. आजोबा म्हणजे संपतआप्पा, मोठे बागायतदार. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. रविराजने चावी आणून खोली उघडली आणि नारिंगी, निळ्या ठिपक्यांचा दोर अंगणात आणला.

ऋतिकाने तो नाकाला लावला. "शाम्पूचा वास येतोय!"

"दोराला दिवाळीची आंघोळ घातली काय कुणी?" रोहन हसला.

दोराच्या बरोबर मध्यावर काळ्या शाईची खूण होती. तिथे दोर दुमडायचा आणि दोन्ही टोकं सारखी येतात का ते बघायचं, हे मॅडमनी शिकवलं होतं. ऋतिका खूण धरून पायरीवर उभी राहिली. रोहन एक टोक घेऊन चालत सुटला, तो थेट फाटकापाशी पोहोचला. रविराज दुसरं टोक घेऊन निघाला आणि तुळशीपाशीच थांबला.

"चल की पुढं!" ऋतिका म्हणाली.

"दोर संपला."

सगळे गोळा झाले. रोहनच्या टोकाला मॅडमनी गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी होती. रविराजच्या टोकाला मात्र काळी पट्टी होती, विहिरीच्या मोटारीच्या वायरीला गुंडाळतात तसली.

"कुणीतरी कापलाय ह्यो!" ऋतिकाचा चेहरा लाल झाला.

शितल मातीच्या डोंगरापाशी बसली. कड्यावर खोचलेल्या तारेच्या कडीतून तिने सुतळी ओवली, पण एक पदर मुद्दाम आखूड सोडला. मग एका मातीच्या मावळ्याला दोन्ही पदर धरायला लावून ती त्याला हळूहळू खाली सोडू लागली. अर्ध्यावर आखूड पदर संपला. तो मावळ्याच्या हातातून सुटला, सर्रकन कडीतून निघून गेला आणि मावळा खाली पडला. त्याची मान मोडली.

"पयल्या मॅडम उतरणार हायत," रोहन पुटपुटला. 

तेवढ्यात संपतआप्पा शेतावरून आले. त्यांनी दोर पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुणी काढला ह्यो भायेर?"

"आप्पा, दोर कापलाय कुणीतरी. एका अंगानं आखूड झालाय," रविराज म्हणाला.

"हॅट्! काय होत न्हाई तेवढ्यानं. ताणला की येतोय बरुबर." आप्पांनी ऋतिकाच्या हातून दोर हिसकावून घेतला, खोलीत टाकला आणि चावी खिशात घातली.

"सुरुवातीपासून," रोहन तोंडातल्या तोंडात म्हणाला. ऋतिकाने मॅडमना फोन लावला.

मॅडम स्कूटरवरून आल्या तेव्हा चौघं फाटकाकडे धावले. पण आप्पा पुढे झाले. "या, या मॅडम! बसा. चकली घ्या." आणि मग, मुलांच्या समोर, डोळ्याची पापणीही न हलवता ते म्हणाले, "काय सांगू तुमाला! पोरांनीच टोक कापलं दोराचं. किल्ल्याला दोरी पायजे हुती म्हणं. आता अंगाशी आलं तवा बोंब मारत्यात."



"खोटं हाय हे!" ऋतिका किंचाळली.

"बघा, बोलायची पद्धत बघा!"

मॅडमनी मातीच्या डोंगराकडे पाहिलं. मग त्या रविराजकडे वळल्या. "रविराज, तू सांग. तुम्ही कापला?"

"न्हाई, मॅडम."

"मग कुणी कापला? खोली तुमची, कुलूप तुमचं."

रविराजने आजोबांकडे पाहिलं. आप्पा त्याच्याचकडे रोखून बघत होते. त्याने मान खाली घातली. मॅडमनी त्या गप्प बसण्याचा उलटाच अर्थ लावला.

"उरलाय तेवढा दोर कड्याला पुरेल," त्या थंडपणे म्हणाल्या. "मध्यावर नवी खूण मी करीन. पण दोर कापून वर खोटं बोलणारी मुलं मला कड्यावर नकोत. उद्या मी नववीच्या मुलांना नेते."

आता सांगा, याचा राग येणार नाही तर काय होणार? चूक मोठ्या माणसाने करायची, खोटंही त्यानेच बोलायचं, आणि लहान म्हणून मान खाली कुणी घालायची, तर मुलांनी! ऋतिकाला एवढा राग आला की तिला रडूच फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

कालव्याच्या चारीच्या कडेला चौघं जाऊन बसले. ऋतिकाने एक ढेकूळ उचलून पाण्यात भिरकावलं. "तू गप का बसलास, रवी?"

"माझे आजोबा हायत ते."

"म्हणून आम्ही चोर?"

"तू बोलून दाखव त्यांच्यापुढं! मला रोज ऱ्हायचंय त्या घरात!" रविराजही भडकला. त्याने मुठी आवळल्या होत्या आणि त्याचा राग ऋतिकावर नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं.

"भांडू नका," शितल म्हणाली. "कापलेला तुकडा कुठं गेला असंल?"

"दिला असंल टाकून."

"आपल्या गावात? एवढा झ्याक दोर? आपल्याकडं सुतळीचा तुकडा तरी कुणी टाकतंय व्हय?"

रोहन टुणकन उठला. "दावं! कुणीतरी जनावराला दावं केलं असणार!"

मग काय! चौघं वस्तीवरचे गोठे धुंडाळत सुटले. बैलांच्या शिंगांना दिवाळीचे रंग होते, गाईंच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या, पण दावी सगळी जुनीच होती. हौशीराम आप्पांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या दाराशी एक तांबडं वासरू उड्या मारत होतं आणि त्याच्या गळ्यात नारिंगी, निळ्या ठिपक्यांचं दावं होतं!

"हौशीमामा!" ऋतिका ओरडली. "ह्यो दोर कुठनं आणला?"

हौशीराम दचकला. आधी तो वासराला चारा घालण्याचं नाटक करत राहिला. मग रविराजला पाहून खाली बसला.

"उसाची ट्रॉली फसली हुती चिखलात. साखळी तुटली. आप्पा म्हणले, घरात मॅडमचा दोर हाय, आण. बांधला ट्रॉलीच्या हुकाला आन् दिलं हिसकं. निघाली ट्रॉली. पर हुकापाशी दोर फाटला. फाटका तुकडा कापला, बाकीचा चिखलानं भरला हुता म्हणून धुऊन ठिवला."

"आन् वरून मॅडमसारखाच गुंडाळला!" रोहन म्हणाला.

"मामा, हे मॅडमना सांगाल?" शितलने विचारलं.

"आप्पांच्या ट्रॅक्टरवर माझं प्वाट हाय, पोरी." हौशीरामने वासराचं दावं सोडलं आणि तुकडा तिच्या हातात दिला. "मी आपणहून बोलायचा न्हाई. पर कुणी इचारलं तर खोटं बी बोलायचा न्हाई."

शितलने तुकड्याचं टोक उकलून पाहिलं. वरची वीण वितळून चिकटली होती आणि आतले पांढरे धागे तटातट तुटलेले होते. "जेवढी ओढ ह्या तुकड्यानं खाल्ली, तेवढीच उरलेल्या दोरानं खाल्ली," ती म्हणाली. "आन् त्याच दोरावरून मॅडम उद्या उतरणार. मागून नववीची पोरं."

संध्याकाळ होत आली होती. पहाटे पायथ्याशी पोहोचायचं म्हणून जीप आत्ताच अंगणात आली होती, नववीची मुलं पिशव्या घेऊन जमली होती, त्यांचे आईबापही आले होते. मॅडम दोरावर नवी खूण करत होत्या. चौघांच्या मागोमाग आलेला हौशीराम फाटकापाशीच थांबला. ऋतिका गर्दीतून सरळ आत शिरली आणि तिने तो तुकडा आप्पांच्या पायाशी आपटला.

"ह्यो आमच्या किल्ल्यात न्हवता! वासराच्या गळ्यात हुता! तुम्ही ह्या दोरानं उसाची ट्रॉली ओढली, आप्पा, आन् नाव आमचं घेतलं!"

 मॅडमच्या हातातलं शाईचं पेन थांबलं. "हौशीराम," त्यांनी फाटकाकडे पाहत विचारलं, "हे खरं आहे?"

"व्हय मॅडम. मीच बांधला हुता हुकाला."

कुणाला वाटेल, आता तरी आप्पा शरमतील. छे! ते हसले. "बरं, ओढली ट्रॉली. मग? भरल्याली ट्रॉली निघाली की त्या दोरानं! पोरांचं वजान ते केवढं? उलट दोर पक्का ठरला!"

आणि आश्चर्य म्हणजे दोन-चार मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. "आप्पांचं बी बरुबर हाय. ट्रॉली पेलली त्येनं, माणूस पेलंल की!"

"हा दोर मी वापरणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजी आमी अडाणी? जीप आलीया, पोरं जमल्यात. न्या की मॅडम! काय होत न्हाई!"

तेव्हा, आप्पांपुढे मान खाली घातलेला रविराज पुढे आला. गोठ्यातून त्याने पेंडीचं भरलेलं पोतं ओढत आणलं होतं. अंगातला शाळेचा निळा टी-शर्ट त्याने काढला आणि पोत्याच्या तोंडावरून खाली ओढून बसवला. बनियनवर उभा राहून तो म्हणाला, "आप्पा, दोर पक्का हाय ना?"

"व्हय, पक्काच हाय."

"मग ह्यो मी हाय असं समजा. गच्चीवरून सोडा मला खाली. तुमीच बांधा, तुमच्याच हातानं. समद्यांना दाखवा की!"

नाही म्हणायची सोयच नव्हती. सगळं गाव बघत होतं! आप्पांनी धोतर खोचलं आणि ते गच्चीवर गेले. हौशीरामने पोतं वर नेलं. शितलने मागोमाग वर जाऊन सगळा दोर बोटांतून सरकवत पाहिला आणि एका जागी ती थांबली. वरून दोर धडधाकट दिसत होता, पण तिथे तो चिमटीत चपटा होत होता. तिने आप्पांना सांगितलं, "आप्पा, ही जागा लोंबत्या भागात येऊ द्या." आप्पांनी तिच्याकडे पाहून नुसतं हुं केलं आणि ती जागा मध्ये ठेवून दोराचं टोक पोत्याला आणि पुढचा दोर टाकीच्या लोखंडी पाइपाला बांधला. मॅडमनी सगळ्यांना अंगणाच्या कडेपर्यंत मागे सारलं.

"बघा रं समदे!" आप्पा कठड्यावरून ओरडले आणि त्यांनी पोतं ढकललं.

दोर ताणला गेला. पोत्याला एक हिसका बसला. फाटकन आवाज झाला आणि रविराजचा निळा टी-शर्ट घातलेलं ते पोतं सरळ खाली आलं, मातीच्या घारकड्यावर. कडा, कपार, धार सगळं चेपलं गेलं. पोतं फुटलं आणि पेंड अंगणभर उडाली. टी-शर्ट खांद्यापासून फाटून चिखलात पडला.

गच्चीवर आप्पा कठडा धरून उभे होते. वर ओढून घेतलेला दोराचा तुटका शेंडा त्यांच्या हातात होता. ते त्या निळ्या कपड्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला.

"रवी..."

"मी इथं हाय, आप्पा," रविराज खालून म्हणाला. 

आप्पा खाली आले ते कठड्याला, भिंतीला धरत धरत. त्यांनी रविराजला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण तो मागे सरकला. "आधी त्यांना सांगा," तो म्हणाला आणि त्याने तिघांकडे बोट दाखवलं.

संपतआप्पांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर डोक्यावरची टोपी काढली. "पोरं खरी हायत. दोर मी नेला. पोरांचं नाव मी घेतलं. खोटं बोललो मी."

"आप्पा, दोर नेलात याचा राग आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण या मुलांना खोटं ठरवलंत, त्याचा जास्त आहे. आणि मला माझाही राग आलाय. मी कुलूप पाहिलं, दोर पाहिला नाही. मुलांचं गप्प बसणं पाहिलं, मुलांना ऐकलं नाही." त्या चौघांपुढे गुडघ्यावर बसल्या. "मला माफ करा. तुम्ही खूण तपासली नसती, तुकडा शोधला नसता, तर उद्या त्या कड्यावर आधी मी उतरले असते आणि माझ्यामागे ही सगळी मुलं. घारकड्याचा बेत माझ्यापेक्षा तुम्ही चांगला आखलात!"

नववीच्या एका मुलाची आई पुढे आली आणि तिने शितलच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. पण ऋतिका हसली नाही.

"शाबासकी नंतर द्या," ती म्हणाली. "आधी ह्या दोराचे तुकडे करा. न्हाईतर उद्या आणखी कुणीतरी म्हणंल, पक्का हाय!"

आप्पांनी स्वतः कोयता आणला. दाव्याएवढे तुकडे करून त्यांनी सगळा दोर संपवला. पहिला तुकडा हौशीरामच्या वासराला गेला.

नवा दोर येईपर्यंत घारकड्यावर कुणीच जाणार नव्हतं, आणि तो आला की पहिली फेरी या चौघांचीच, असं मॅडमनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं मोडलेला डोंगर उभारायला बसले, तर आप्पा धोतर सावरत त्यांच्या शेजारी चिखलात येऊन बसले. कुणीच त्यांच्याशी बोललं नाही. राग असा रात्रीत जात नसतो, आणि जाऊही नये.

"ती मधली खूण कशापायी असती, मला सांगता का?" आप्पांनी विचारलं.

ऋतिकाने आधी हातांचा चिखल पुसला. मग तिने सुतळी उचलली आणि सांगायला सुरुवात केली. आप्पा ऐकत होते, विचारत होते, मध्येच कड्याला माती लावत होते.

"आप्पा, कडा वाकडा झाला तुमचा," शितल म्हणाली.

"आसू दे, तेवढ्यानं काय होत..."

आप्पा मध्येच थांबले. चौघंही थांबले. रविराज आजोबांकडे बघत राहिला. आप्पांनी लावलेली सगळी माती आपल्या हातांनी काढली, बाजूला ठेवली आणि पायथ्याच्या गावाच्या जागी बोट टेकवलं.

"सुरुवातीपासून," ते म्हणाले.

रविराजने सरकून त्यांना जागा करून दिली.